मृगाचा किडा आणि चष्म्याचा नंबर

पहिला पाऊस झाला की म्हातोबा टेकडीच्या वाटेवर लाल मखमली मृगाचे किडे दिसू लागतात. कोथरूडमधली किती मुले ते पाहतात? मुलाला त्याचे पाय मोजायला सांगा. आठ भरतील, म्हणजे नावात किडा असला तरी हा कोळ्याचा नातलग!

आमच्या ओपीडीत पालक मुलाच्या वाढत्या नंबरवर टॉनिक मागतात. त्याचा उपयोग नाही. बाहेरच्या उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामाइन स्रवते आणि डोळ्याची लांबी अवाजवी वाढण्याला आळा बसतो, असे मानले जाते. चीनमधील ग्वांगझूच्या काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जास्त बाहेर नेले. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली, इतर शाळांत ३९.५ टक्के. लागलेला चष्मा मात्र याने सुटत नाही. ढगाळ दिवशीचा उजेडही घरातल्या दिव्यापेक्षा कैक पट असतो, तेव्हा पावसाची सबब नको.

चिखलाला काय घाबरायचे? घरी आल्यावर साबणाने हातपाय धुवावेत. किडा मात्र डबीत भरून आणू नये, पाहून तिथेच सोडावा.