शिक्क्याची साक्ष

जबलपूरच्या रद्दीत वाचनालयाचा शिक्का असलेला मराठी ग्रंथ सापडला, की रसिक म्हणतो, ‘वाचविला!’ वाचविला कोणासाठी? ग्रंथ रीतसर बाद केल्याची नोंद नसेल, तर तो वाचनालयाचाच. १९३०च्या मालविक्री कायद्यानुसार विक्रेत्याजवळ नसलेली मालकी ग्राहकाला सहसा मिळत नाही. जाणूनबुजून चोरीचा माल घेणाऱ्याला भारतीय न्याय संहिताही दोषी धरते. १९५६ साली नागपूर वेगळ्या राज्यात गेले आणि जबलपूर हिंदी मुलखात राहिले. तेथील वाचनालयातून गेलेली मराठी प्रत सहजी भरून निघत नाही. एकाचे कपाट सजते, अनेकांचे वाचन खुंटते. शिक्का खरवडणाऱ्याला ग्रंथप्रेमी म्हणू नये. शिक्का पाहून ग्रंथ परत पोचविणाराच त्या नावास पात्र होय.