सहाव्या वर्षानंतरची भूक

१६६४ च्या सुरत स्वारीला निघालेल्या शिवाजी महाराजांचा तळ जव्हारजवळच्या शिरपामाळावर पडला होता. पर्यटक तिथे फोटो काढतात आणि परततात. पण याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२-९३ मध्ये कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता.

त्यानंतर लक्ष गेले ते सहा वर्षांखालच्या मुलांकडे. योग्यच झाले. अंगणवाडीत वजन होते, अमृत आहार योजनेतून पोषण मिळते. पण मूल पहिलीत गेले, की उरते ती आरोग्य पथकाची अधूनमधूनची तपासणी आणि शाळेतले जेवण. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातली ५ ते ९ वयाची सुमारे २२ टक्के मुले खुजी आढळली. शहरांत चिंता लठ्ठपणाची. इथे जव्हारमध्ये बरगड्या मोजता येतात.

शालेय पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. महाराष्ट्राने २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडे देऊ केले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून लोकसहभागाचा मार्ग सुचवला. जव्हारशेजारच्या मोखाड्याच्या पाड्यावर कसला लोकसहभाग? तिथले लोक दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. पोरेही सोबत जातात आणि शाळेतले जेवण मागे राहते.

अंड्याचा निधी निदान आदिवासी तालुक्यांना तरी परत द्यावा, वर्षातून दोनदा शाळेतच वजन-उंची मोजावी, आणि भट्टीवरच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल्याशिवाय ताट मिळावे. नागली तर इथल्याच शेतात पिकते. ती खिचडीशेजारी वाढायला कुणाची हरकत असावी?