घर आणि घरपण : डोळ्यांची फरशी आणि पायांची फरशी

गेल्या पंधरवड्यांत आमच्या आतेभावाच्या घरच्या मंडळींबरोबर मार्केट यार्डाकडे जाण्याचा योग आला. गूळ, धान्य किंवा फळफळावळ घेण्यासाठीं पुणेकर गृहस्थानें तिकडे जावें हा नेहमींचा परिपाठ. पण या खेपेस काम निराळें होतें. आतेभावाच्या घराची जमीन नव्यानें करावयाची होती, आणि यार्डाहून गंगाधाम चौकाकडे निघालें म्हणजे वाटेंत फरश्यांचीं व संगमरवराचीं दुकानें लागतात. त्यांतल्या दोन-तीन दुकानांत आम्हीं अर्धा दिवस काढला.

दुकानांत शिरतांच समोर दरवाजे उभे करून ठेवावे तशा चार फूट रुंद व आठ फूट उंच फरश्या दिसल्या. दुकानदार त्यांना ‘स्लॅब’ म्हणतात. पांढऱ्या संगमरवरावर करड्या शिरा धांवाव्या तसें त्यांचें रूप. आतेभावाच्या सूनबाईची नजर तेथेंच खिळली. “मामंजी, ही घातली तर दिवाणखान्यांत सांधा म्हणून दिसायचा नाहीं,” ती म्हणाली. एक्याऐंशी वर्षांच्या आत्याबाई शेजारीं खुर्चीवर बसल्या होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, “दिसायला सुरेख आहे गं, पण हिच्यावर चालायचं कोणी?”

प्रश्न थोडा खोचक होता, पण त्यामागें कारण होतें. गेल्या वर्षीं लेकीच्या नव्या घरीं अशाच आरशासारख्या जमिनीवर ओल्या पायानें चालतांना त्या घसरल्या व त्यांचें खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, तीन महिने अंथरूण झालें, आणि पूर्वीं पहाटे देवाचीं फुलें स्वतः खुडून आणणाऱ्या आत्याबाई आतां काठीवांचून उंबरा ओलांडीत नाहींत. म्हणून या महिन्यांत या मोठ्या फरशीचेंच गुणदोष वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें.

पोर्सेलीन हा पदार्थ आपणांस अगदींच परका नाहीं. ज्या चिनी मातीच्या बरणींत आपलें लोणचें मुरतें, तिच्याच गोत्रांतला तो. पांढरी माती, फेल्स्पार व गारगोटी यांचें पीठ प्रचंड दाबाखालीं दाबतात, त्यावर यंत्रानें दगडाचें चित्र छापतात आणि सुमारें १२०० अंश सेल्सियसच्या भट्टींत भाजतात. त्या उष्णतेंत माती एकजीव होते. पोर्सेलीन म्हणवणाऱ्या फरशीनें वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी शोषूं नये, असा दंडक आहे. मोठ्या आकाराचें तंत्र इटलींत वाढलें. आज सौराष्ट्रांतील मच्छू नदीकांठच्या मोरबी गांवीं, जें एके काळीं छपराच्या कौलांसाठीं व भिंतीवरच्या घड्याळांसाठीं प्रसिद्ध होतें, अशा फरश्या मोठ्या प्रमाणांत बनतात.

गुण पाहूं गेल्यास ते थोडे नाहींत. संगमरवर, शहाबादी आणि कोटा हे तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड; लिंबू, चिंच, आमसूल यांचा आंबटपणा त्यांना खातो व डाग कायमचा राहतो. पोर्सेलीनला त्याची बाधा नाहीं. हळदीचा हात लागला तरी पुसला कीं निघतो. सांधे थोडे, म्हणून तेलकट मळ सांचण्यास जागाहि थोडी. स्वयंपाकघरांतील ओट्यामागची भिंत, न्हाणीघराच्या भिंती, दिवाणखान्यांतील एखादी दर्शनी भिंत, या ठिकाणीं ही फरशी शोभते आणि उपयोगीहि पडते.

ओट्यासाठीं पंधरा मिलिमीटर जाडीची फरशी मिळते. पण तिच्या कडेस जपावें लागतें. ओट्यावर नारळ फोडणें, खलबत्ता आदळणें हीं कामें आपल्या घरीं रोजचीं. कडेचा टवका उडाला तर वरचें चित्र जाऊन आंतला निराळा रंग उघडा पडतो, आणि दगडाप्रमाणें तो घांसून पुन्हां पूर्ववत् करतां येत नाहीं.

आतां जमिनीकडे वळूं. पुण्याच्या वाड्यांत शेणानें सारवलेली जमीन होती, मग शहाबादी आली. मुंबईस १९२२ सालीं निघालेल्या ‘भारत फ्लोअरिंग टाइल्स’सारख्या कारखान्यांनीं सिमेंटच्या नक्षीदार लाद्या घरोघर पोंचविल्या. त्या सर्वांत एक सोय होती : एखादी फरशी खचली किंवा फुटली तर तेवढीच उखडून गवंडी दुसरी बसवीत असे. चार बाय आठ फुटांची फरशी एका कोंपऱ्यांत तडकली तर तेवढें सगळें बत्तीस चौरस फूट काढावे लागतात, आणि तशाच शिरांची दुसरी फरशी पांच वर्षांनीं मिळेलच असें नाहीं.

फरशी तडकते ती बहुधा खालच्या पोकळीमुळें. नऊ मिलिमीटर जाडीच्या अशा एका फरशीचें वजन साठ किलोंच्या वर जातें; चार माणसांनीं हवेच्या चकत्या लावलेल्या चौकटीनें ती उचलावी लागते, आणि जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्यें ती मावत नाहीं. पाणी शोषीत नसल्यानें नुसता सिमेंटचा मसाला तिला नीट धरीत नाहीं. टाइल अॅधेसिव्ह दांतेरी थापीनें जमिनीवर व फरशीच्या पाठीवर, असें दोन्हीकडे पसरावें लागतें. खालची जमीन दहा फुटांत एक-अष्टमांश इंचाहून अधिक उंचसखल असतां कामा नये. भिंतीवर लावतांना जुना रंग खरवडून गिलावा ठोकून पाहावा. बसविल्यावर दुसऱ्या दिवशीं लांकडी मुठीनें हलकेंच वाजवून पाहावें. पोकळ आवाज आला तर तेव्हांच सांगावें.

न्हाणीघराच्या जमिनीवर मात्र मोठी फरशी घालूंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. तेथें पाणी मोरीच्या जाळीकडे वाहून जाण्यासाठीं चारी बाजूंनीं उतार लागतो, आणि अखंड फरशीस चार दिशांचा उतार देतां येत नाहीं. शिवाय लहान फरश्यांचे सांधेच ओल्या पायास धरून ठेवतात. शोभेच्या आड येणारा सांधा येथें म्हाताऱ्या माणसाचा आधार होतो.

आणखी एक गोष्ट दुकानांत कोणी सांगत नाहीं. फरशी घरीं आल्यावर जो पोरगा कटर घेऊन ती कापतो, त्याच्या नाकातोंडांत जाणारी धूळ गारगोटीची असते. तिनें फुफ्फुसें कायमचीं निकामी होतात. त्या रोगास सिलिकोसिस म्हणतात. क्वार्ट्झच्या कृत्रिम दगडाचे ओटे कापणाऱ्या तरुण कामगारांना हा रोग जडूं लागल्यामुळें ऑस्ट्रेलियानें १ जुलै २०२४ पासून तो दगड वापरण्यावर बंदी घातली. पोर्सेलीन त्या बंदींत नाहीं. पण कोरडी कापली तर तिचीहि धूळ घातकच. तोंडाला बांधलेला रुमाल त्यास पुरत नाहीं. पाणी सोडून कापावें, योग्य मुखपट्टी द्यावी, आणि शक्य तेवढें कापकाम कारखान्यांतूनच करून आणावें. आपल्या दिवाणखान्याच्या शोभेसाठीं परक्याच्या मुलानें आपला श्वास गमवावा, हें कोणत्याहि सुसंस्कृत घरास शोभणारें नाहीं.

आतेभावाच्या घरीं निकाल कसा लागला तो सांगतों. सूनबाईनेंच दुकानदाराकडून तीन नमुन्याचे तुकडे घरीं आणले : एक चकचकीत पॉलिशचा, दोन मॅट. आत्याबाईंना खुर्चीवर बसवून तिनें ते पायांशीं ठेवले, वर साबणाचें पाणी ओतलें आणि बसल्या बसल्याच पाय फिरवून पाहावयास सांगितलें. पहिल्या तुकड्यावरून पाय सर्रकन् निसटला. तिसऱ्यावर तो थांबला. “ही घाल,” आत्याबाई म्हणाल्या. सूनबाईचा हिरमोड होईल असें आम्हांस वाटलें होतें, पण ती तत्काळ म्हणाली, “मग जमिनीला ही, आणि माझ्या शिरा भिंतीवर.” दिवाणखान्याच्या एका भिंतीस व ओट्यास मोठी फरशी, बाकी सर्व जमिनीस दोन फुटी मॅट, आणि न्हाणीघराच्या जमिनीस एक फुटी खरखरीत, असें ठरलें.

दिवाळीपूर्वीं घराचें काम काढणाऱ्या वाचकांनीं हाच क्रम ठेवावा. नमुना दुकानाच्या झगझगाटांत पसंत करूं नये. घरीं आणावा, ओला करावा आणि घरांतल्या सर्वांत थकल्या पायास प्रथम विचारावें. नंतर जिन्याची रुंदी मोजावी, फरशी बसविणाऱ्या कारागिराशीं बोलावें, आणि मगच पैसे मोजावे.