मांजराचं काळीज आपल्यासारखं नसतं

आमच्या बांद्यात, आणि एकूणच कोकणातल्या मुसलमान मोहल्ल्यांत, मांजराला कुणी हाकलत नाही. मासळी साफ करणाऱ्या बाईच्या पायाशी ते असतं, नमाज संपली की मुसल्यावर येऊन झोपतं. ह. अबू कतादा (रजि.) यांनी वुजूच्या पाण्याचं भांडं मांजराला पिता यावं म्हणून तिरपं धरलं. सून चकित झाली, तेव्हा त्यांनी प्रेषितांचा (स.) हवाला देऊन सांगितलं की मांजर नापाक नाही, ते आपल्यातच वावरणारं आहे. ही हदीस आमच्याकडे नानी नातवंडांना सांगते. प्रेम खोटं नाही. पण तेच मांजर आजारी पडल्यावर आपण त्याचं जे करतो, त्याला प्रेम म्हणायला मी तयार नाही.

खरूज झाली, लाव रॉकेल. जंत झाले, पाज लसणीचं पाणी. सर्दी झाली तर कापूर घातलेलं खोबरेल. अंग गरम लागलं तर घरातल्या तापाच्या गोळीतली अर्धी. आणि हल्ली मोबाइलवरच्या रीलमधून आलेलं कलौंजीचं तेल. विचारलं की उत्तर तयार असतं: "मांजराक डॉक्टर कित्याक? घरचा औषध बरा, नैसर्गिक."

या 'नैसर्गिक' शब्दाशीच माझं भांडण आहे. निदान कोकणातल्या माणसाने तरी त्याला भुलू नये. काजऱ्याचं झाड आपल्याच रानात उभं आहे आणि त्याच्या बीतलं विष कशाला वापरत हे म्हाताऱ्यांना विचारा. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आणि पुढच्या वर्षी बांद्याच्या परिसरात माकडताप आला. माकडं मरून पडत होती, माणसंही गेली. तो विषाणू नैसर्गिक होता, त्याला अंगावर आणणारी गोचीडही नैसर्गिक. काजूच्या बागेत जाताना अंगाला चोळायला वाटलेलं तेल तेवढं कारखान्यातलं होतं.

मांजराची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. ते छोटं माणूस नाही आणि छोटं कुत्रंही नाही. मांसावर जगणारा हा प्राणी, आणि त्याच्या यकृतात काही विषारी पदार्थ निकामी करून बाहेर टाकणारी एक यंत्रणा जवळपास चालतच नाही. आपल्या शरीरात काही तासांत निरुपद्रवी होणारं औषध त्याच्या रक्तात फिरत राहतं. पॅरासिटामॉलची ५०० मिलीग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. लसूण आणि कांदा त्याच्या तांबड्या पेशी फोडतात, त्यात लसूण कांद्यापेक्षा तीव्र. कापूर, निलगिरीचं तेल, फिनेल, रॉकेल अंगावर लावलं तरी पोटात जातंच, कारण मांजर स्वतःला चाटून साफ करतं.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. सातवीतल्या एका मुलीने 'माझा आवडता प्राणी' या निबंधात मांजराचं मरण लिहिलं होतं. घरातल्यांनी गोळी दिली, तोंड सुजलं, हिरड्या तपकिरी झाल्या, दुसऱ्या दिवशी ते गेलं. शेवटचं वाक्य होतं, अल्लाहची मर्जी. शुद्धलेखनात एकही चूक नव्हती. त्या शेवटच्या वाक्याखाली लाल पेनाने काय लिहायचं, यावर मी बराच वेळ थांबले होते. मुलगी बारा वर्षांची, तिने ते वाक्य मोठ्यांकडून घेतलेलं.

मोठ्यांना मात्र मला दुसरी हदीस आठवून द्यायची आहे. अबू दाऊद आणि नसाईंच्या संग्रहात ती आहे: ज्याला वैद्यकी येते असं माहीत नाही आणि तरी जो इलाज करतो, तो होणाऱ्या नुकसानीला जबाबदार. यात 'हेतू चांगला असेल तर सोडून द्या' असा अपवाद नाही. मांजर बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण पोरांना सांगतो. तिचा गुन्हा काय होता? तिने खायला घातलं नाही आणि ते स्वतः शोधायलाही सोडलं नाही. दवाखान्यात न्यायचं नाही आणि घरात लसूण पाजत बसायचं, हे त्याहून किती वेगळं आहे? राहिली कलौंजी. माझ्या लोणच्यात ती असते, माझा तिला विरोध नाही. पण अडीच-तीन किलोच्या जिवाचा जबडा उघडून तेल ओतलं की ते फुप्फुसात जाऊ शकतं. हदीसवरचं ईमान असं सिद्ध होत नसतं.

"पूर्वजांकडे ज्ञान होतं," असंही ऐकवलं जातं. होतंच. उर्दूत घोड्यांच्या वैद्याला सलोतरी म्हणतात, तो शब्द संस्कृतातल्या शालिहोत्रावरून आलेला. चौदाव्या शतकात काहिराच्या सुलतानाचा बैतार अबू बक्र इब्न बद्र याने घोड्यांच्या आजारांवर मोठा ग्रंथ लिहिला. पण बघा, ज्ञान जमलं ते ज्यांच्यावर राज्य आणि शेती चालत होती त्या जनावरांचं, घोडा, हत्ती, बैल. आजही गाईच्या कासेच्या सुजेवर कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सांगतं, तेव्हा प्रमाण ठरलेलं असतं: २५० ग्रॅम, ५० ग्रॅम, १५ ग्रॅम. कुणीतरी मोजलं, गाईंवर वापरून पाहिलं. मांजरासाठी रीलवाल्याने काय मोजलं? फॉलोअर.

अडचण मला कळते. मांजरांचा खासगी डॉक्टर हवा तर पत्रादेवी ओलांडून म्हापशाला जावं लागतं, रिक्षा आणि फी मिळून मजुराची मजुरी जाते. सरकारी दवाखाना म्हणजे गुराढोरांचा, असं सगळे धरून चालतात. पण श्रेणी एकच्या दवाखान्यात पदवीधर पशुवैद्य असतो, मांजराचं शरीर त्याने अभ्यासलेलं असतं. आपण पिशवीत घालून मांजर नेतच नाही, मग तिथे मांजराची लस ठेवा असं कोण आणि कुठल्या तोंडाने मागणार?

नैसर्गिक काळजी म्हणून जे खरंच करता येतं, ते फार थोडं आणि बिनकौतुकाचं आहे. उबदार, काळोखी कोपरा. स्वच्छ पाणी. मीठ-मसाला न घातलेला उकडलेला मासा, काटे काढून. दूध नको, मोठ्या मांजराला ते बहुधा पचत नाही आणि हगवण वाढते. आणि नजर. मांजर दोन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साचू लागते, थांबायचं नसतं. बोका मातीत पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय, काही होत नाही, की आपण बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतो. बहुतेकदा लघवी अडलेली असते. दोन-तीन दिवसांत तो मरतो, आणि डॉक्टरने वेळेत नळी घातली तर बरेचदा वाचतो. पिल्लू ओकतंय, हगतंय, पाण्याच्या भांड्याशी बसूनही पीत नाही, तर सलाइन लागतं, दह्याने भागत नाही.

मशिदीच्या फळ्यावर नमाजच्या वेळा असतात, मय्यतीची खबर असते, वर्गणीचा हिशेब असतो. तिथे एका ओळीत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची वेळ लिहायला कमिटीची काय हरकत आहे, हे मी येत्या जुम्याच्या आत विचारणार आहे.