पूर कोल्हापूरचा, पाणी निपाणीच्या दारात : आकडे पाठ आहेत, घराची तयारी कुठं आहे?

पावसानं जोर धरला की निपाणी-चिकोडी भागातल्या मोबाईलवर एकच विचारणा सुरू होते, ‘राजाराम बंधाऱ्याला किती फूट झालं?’ बंधारा कोल्हापूरचा, नदी पंचगंगा. तरी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पण आकडा कळल्यावर घरातल्या माणसानं नेमकं काय करायचं, याचं उत्तर फार थोड्या घरांत ठरलेलं असतं.

मुळात पंचगंगेचा आकडा इथल्या नदीचा नाही. निपाणी भागाच्या नद्या वेदगंगा आणि दूधगंगा. वेदगंगेवर वर पाटगाव धरण, दूधगंगेवर काळम्मावाडी. भोजजवळ या दोन्ही नद्या एकत्र होतात आणि पुढं कल्लोळजवळ कृष्णेला मिळतात. पंचगंगा त्याच्या वरच्या अंगाला, नृसिंहवाडीत कृष्णेला मिळते. त्यामुळं पंचगंगा आणि कोयनेचं पाणी घेऊन कृष्णा दुथडी भरून आली की दूधगंगेच्या पाण्याला पुढं वाट मिळत नाही. ते मागं तुंबतं, फुगतं. गावात पाऊस उघडला, ऊन पडलं, तरी मळीतलं पाणी वाढतच राहतं ते यामुळं. ‘पाऊस थांबलाय, आता उतरंल’ हा अंदाज अनेक कुटुंबांना महागात पडतो.

पूल गेला, म्हणजे पहिली घंटा

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी आलं आणि पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. पण महामार्ग बंद होणं ही शेवटची पायरी असते. पहिली पायरी असते कमी उंचीचे पूल आणि बंधारे. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी हे मार्ग जोराच्या पावसात पाण्याखाली जातात आणि ‘वाहतूक पर्यायी मार्गानं वळवली’ अशी बातमी येते.

ही बातमी लोक नेहमीची म्हणून सोडून देतात. खरं तर घरासाठी तीच कामाची सूचना आहे. पूल गेला की दवाखान्याची वाट लांबते, दुधाची गाडी अडते, वैरण आणायची सोय बंद होते. त्यामुळं दिवस भरत आलेली बाई, डायलिसिसवरचा रुग्ण, अंथरुणाला खिळलेला म्हातारा माणूस यांना पूल बुडाल्यावर नव्हे, बुडायच्या आत पै-पाहुण्यांकडं हलवलं पाहिजे. जनावरांचंही तेच. रात्री गोठ्यात गुडघाभर पाणी आल्यावर दावी कापण्याची वेळ येते.

उशिराचं मोल काय असतं, ते ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळनं दाखवलं. गावाला वेढा पडल्यावर जीव वाचवायला निघालेल्या लोकांची बोट उलटली आणि अनेकांचे बळी गेले. बोट लागण्याआधी, पायवाट कोरडी असताना बाहेर पडणं हीच खरी सुटका.

भिंतीही जीव घेतात

नदीपासून लांब राहणाऱ्यांना धोका नाही, असंही नाही. ६ ऑक्टोबर २०२१ रोजी बेळगाव तालुक्यातल्या बडाल अंकलगी गावात पावसानं भिजलेलं घर कोसळून ७ जणांचा मृत्यू झाला. तारीख बघा, ऑक्टोबरची आहे. महापुराची चर्चा संपून दोन महिने उलटल्यावरची. मातीची भिंत पाऊस पिते आणि परतीच्या पावसात बसते. भिंतीला नवी उभी चीर गेली, पोट बाहेर आलं, दाराची चौकट घट्ट बसायला लागली, तर त्या खोलीत झोपायचं नाही. याला खर्च काही येत नाही, निर्णय तेवढा घ्यावा लागतो.

मदत मिळते, पण कशाची?

२०१९ मध्ये कर्नाटक सरकारनं पूरग्रस्त कुटुंबाला तातडीचे १० हजार आणि पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर केले. पण ‘पूर्ण’ की ‘अंशतः’ हे पंचनाम्यावर ठरतं आणि तिथंच बहुतेक तंटे होतात. जनावरांचं गणित आणखी अवघड. २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषात दुभत्या म्हशीला ३७ हजार ५०० रुपये, तेही मोजक्या जनावरांपुरते. बाजारात चांगल्या म्हशीला लाखाच्या आसपास मोजावे लागतात. निपाणी भागात घरी बिड्या वळणाऱ्या बायकांचा पाला-तंबाखू भिजला तर त्या दिवसाची मजुरी बुडते, ती कुठल्याच रकान्यात बसत नाही.

म्हणून जूनच्या आधीच करायची कामं ही : घराचे चारही बाजूंनी आणि गोठ्याचे जनावरांसह मोबाईलवर फोटो, उतारा, रेशनकार्ड, आधार, बँक पासबुक यांच्या प्रती प्लॅस्टिक पिशवीत आणि एक संच लांबच्या नातेवाइकाकडं, आठवड्याची औषधं, टॉर्च, भरलेली पॉवर बँक, धान्याचे डबे आणि पाल्याची पोती माळ्यावर, घर सोडताना मेन स्विच बंद. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक भिंतीवर लिहिलेले बरे, कारण मोबाईल बंद पडतो. परत आल्यावर पाणी उकळूनच प्यायचं, आणि काठीनं चाचपल्याशिवाय अडगळीत हात घालायचा नाही.

घरानं करायचं ते आणि सरकारनं करायचं ते

आलमट्टीची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करण्यावरून दोन राज्यांत वाद पेटलेला आहे. २०१९ च्या पुराला आलमट्टी कारण नाही, असं महाराष्ट्रानंच नेमलेल्या वडनेरे समितीनं म्हटलं, तरी शंका मिटलेली नाही. वाद चालू राहील. पण धरणातून सोडलेले क्युसेक म्हणजे आपल्या गल्लीत किती तासांनी किती पाणी, हे गावाला सांगणं त्या वादात अडकून पडायचं कारण नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा देवळाच्या, शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवायला ग्रामपंचायतीला निकालाची वाट बघावी लागत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. मराठीतून परिपत्रकं द्या, ही सीमाभागाची जुनी मागणी. एरवी तो हक्काचा प्रश्न असेल, पुराच्या रात्री तो जिवाचा होतो. ‘स्थलांतर करा’ ही सूचना घरातल्या आजीला वाचता आली नाही, तर ती सूचना पोचलीच नाही, असं धरायला हवं.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. वेदगंगेला त्याचं काही देणंघेणं नाही. ती कागलमधून निपाणीत येते आणि यमगर्णीच्या पुलाखाली पाणी चढायला लागतं. पुलाखाली जागा शिल्लक आहे तोवर घरात काय ठरलंय, एवढंच त्या रात्री उपयोगी पडतं.