जगाचे राजकारण आणि अजिंठ्याचा डोंगर

आज १७ सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या स्मृतिदिनी गावोगाव ध्वजवंदन होईल, हुतात्मा स्तंभांवर फुले वाहिली जातील, स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांची नावे व्यासपीठांवरून उच्चारली जातील. ते सर्व यथायोग्यच आहे. परंतु या दिवसाची एक बाजू अशी आहे की, तिचा उच्चार आमच्या शाळांत, महाविद्यालयांत आणि सभांत क्वचितच होतो. आज ती वाचकांपुढे मांडून तिच्या आधारे येथील विद्यापीठाकडे एक मागणी करावी, असे आम्हांस वाटते.

पत्रकारितेत येण्यापूर्वी काही वर्षे आम्ही शाळेत शिक्षक होतो. हैदराबादच्या पोलीस कारवाईचा धडा चालू असता एका मुलाने उभे राहून विचारले, “सर, एवढे सगळे चालले होते तेव्हा बाकीचे जग गप्प का बसले?” आम्ही शिक्षकाच्या अधिकारवाणीने उत्तर दिले, की तो आपला घरगुती प्रश्न होता, जगाचा त्याच्याशी काय संबंध! मुलगा खाली बसला. ते उत्तर साफ चुकीचे होते, हे आम्हांस फार उशिरा कळले, आणि तोवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता.

जग गप्प बसलेले नव्हते. २१ ऑगस्ट १९४८ रोजी निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांकडे भारताविरुद्ध तक्रार गुदरली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि तीनच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, पॅरिस येथे सुरक्षा समितीची बैठक भरली. हैदराबादचा प्रश्न कार्यसूचीवर घ्यावा काय, एवढाच त्या दिवशीचा मुद्दा होता. आठ मते अनुकूल पडली, विरुद्ध एकही पडले नाही, आणि चीन, रशिया व युक्रेन तटस्थ राहिले. निजामाच्या बाजूने नवाब मोईन नवाज जंग हजर होते, भारताच्या बाजूने सर रामस्वामी मुदलियार. हैदराबाद हे मुळी स्वतंत्र राष्ट्रच नव्हे, तेव्हा समितीपुढे येण्याचा त्याला अधिकार नाही, असा भारताचा युक्तिवाद होता. इकडे दुसऱ्याच दिवशी निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि २२ सप्टेंबरला तक्रार मागे घेतल्याची तार धाडली. ती तार त्याने स्वेच्छेने धाडली काय, यावर समितीत पुढेही खल झाला. मे १९४९ नंतर हा विषय चर्चेस आला नाही. तरी समितीच्या कागदोपत्री तो पुढे दशकानुदशके रेंगाळत राहिला.

म्हणजे ज्या दिवशी पैठण, परभणी, नांदेड येथील माणसे आपले भवितव्य काय होणार म्हणून जीव मुठीत धरून बसली होती, त्या दिवशी त्यांच्या भूमीविषयी पॅरिसमध्ये शब्दांचा काथ्याकूट चालला होता. आणि तो काथ्याकूट नुसता शाब्दिक नव्हता. ‘पोलीस कारवाई’ हा शब्द आपण आज सहज उच्चारतो. परंतु त्या शब्दातच एक दावा भरलेला आहे. पोलीस स्वतःच्या घरात कारवाई करतात, परराष्ट्रावर सैन्य जाते. आंतरराष्ट्रीय राजकारण म्हणतात ते हेच. कोणत्या गोष्टीला कोणते नाव द्यावयाचे, यावर तेथे राज्ये टिकतात आणि जातात. मराठवाड्यातील विद्यार्थ्यास हा विषय शिकण्यासाठी दूरदेशीच्या उदाहरणांची गरज नाही. त्याच्या आजोबा-पणजोबांच्या आयुष्यातच हा धडा घडून गेला आहे.

त्याच आठवड्यात आणखी एक प्रकार घडला. २० सप्टेंबर १९४८ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतील हैदराबादच्या खात्यातून १० लाख ७ हजार ९४० पौंड व ९ शिलिंग एवढी रक्कम पाकिस्तानच्या तेथील उच्चायुक्तांच्या नावे वळविण्यात आली. निजामाने काही दिवसांत ती परत मागितली. बँकेने द्यावी कोणास? प्रकरण कोर्टात गेले. परकीय सरकारला इंग्लंडच्या न्यायालयात खेचता येत नाही, या तत्त्वावर १९५७ साली ते तेथील उमरावांच्या सभागृहापुढे अडकून पडले, आणि पैसा बँकेत व्याज खात राहिला. २०१३ साली पाकिस्ताननेच दावा उकरून काढला. अखेर २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की, रक्कम निजामाची होती, पाकिस्तानचा तीवर हक्क नाही. ती भारत सरकार आणि निजामाचे वारस यांजकडे जावी. तोवर ती साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. सत्तर वर्षे चाललेल्या या खटल्यात राज्य म्हणजे काय, सार्वभौमत्व म्हणजे काय, जनतेच्या पैशाचा विश्वस्त कोण, हे सर्व प्रश्न एकत्र आले आहेत. त्या संस्थानाच्या तिजोरीत आमच्या पूर्वजांनी भरलेला शेतसाराही होता. निकाल लागला त्या दिवशी येथील किती वर्गांत त्याची चर्चा झाली? आमच्या कानी तरी ती आली नाही.

येथे आमच्या मागणीचा प्रश्न उपस्थित होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. राज्यशास्त्र विभागाच्या छत्राखाली आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय तेथे शिकविला जातो, आणि तो नेटाने शिकविणारे प्राध्यापकही आहेत. आमची तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही. तक्रार अशी की, दोन-चार प्रश्नपत्रिकांच्या चौकटीत हा विषय मावत नाही. शीतयुद्धाची कारणे, संयुक्त राष्ट्रांची अंगे, अलिप्ततेचे धोरण अशी प्रकरणे विद्यार्थी पाठ करतो, परीक्षा देतो, आणि आपल्या गावाचा त्यांच्याशी काही संबंध असेल अशी शंकाही त्याच्या मनास शिवत नाही. या विषयाचे स्वतंत्र अध्यासन, आणि कालांतराने स्वतंत्र विभाग, येथे असावयास हवा.

राजधानीपासून दूर, डोंगराच्या कुशीत हे कशाला, असे विचारणारे निघतीलच. त्यांना आम्ही अ‍ॅबरिस्टविथचे उदाहरण देऊ. वेल्समधील ते समुद्रकाठचे एक लहानसे गाव. भोवताली मेंढपाळ आणि शेतकरी. पहिल्या महायुद्धात तेथील महाविद्यालयाचे विद्यार्थी मारले गेले, त्यांच्या स्मरणार्थ डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या दोन भगिनींनी देणगी दिली, आणि १९१९ साली जगातील आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले अध्यासन त्या गावात उभे राहिले. लंडनमध्ये नव्हे, ऑक्सफर्डमध्ये नव्हे. आल्फ्रेड झिमर्न त्याचे पहिले प्राध्यापक. पुढे १९३६ पासून ई. एच. कार त्या जागी आले, आणि दोन महायुद्धांमधील वीस वर्षांच्या भ्रमांची चिरफाड करणारा त्यांचा ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला; आजही तो या शास्त्रातला मूळ ग्रंथ समजला जातो. ज्यांची मुले परक्या रणांगणावर मेली, त्यांनीच ती का मेली याचा अभ्यास करावयाचे ठरविले. आमच्याही भूमीने ती किंमत मोजलेली आहे.

आणि दूर कसले? ज्या टेकडीच्या पायथ्याशी विद्यापीठ वसले आहे तिच्या पोटात बौद्ध लेणी आहेत. शेजारीच नागसेनवन आहे. बाबासाहेबांनी १९५० साली येथे महाविद्यालय काढले आणि पुढे त्यास नाव दिले ते मिलिंदाचे. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. परदेशी वंशाचा राजा भिक्षू नागसेनाला शंका विचारतो आणि नागसेन न डगमगता उत्तरे देतो, ही कथा आपल्या महाविद्यालयाच्या पाटीवर बाबासाहेबांनी कोरली, त्यामागे त्यांचा काही विचार असलाच पाहिजे. कोलंबिया आणि लंडन येथे शिकलेल्या त्या माणसाने १९५१ साली मंत्रिपद सोडताना दिलेल्या निवेदनात परराष्ट्रधोरणावरील आपला असंतोष स्पष्ट नोंदविला होता, हेही येथे आठवावे.

पैठणचे नाव तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात आहे. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर. पैठणहून अकीकासारखे खडे आणि तेरहून कापड बंदराकडे जाते, असे तो लिहून गेला. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात उंच टोप्या घातलेले, दाढीवाले परदेशी पुरुष रंगविलेले आहेत. दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारी इराणच्या खुस्रूचे वकील आले, त्याचे हे चित्र, असे जेम्स फर्ग्युसनने १८७९ साली सुचविले. ती गोष्ट इतकी गोड होती की ती अद्याप सांगितली जाते. पुढे वॉल्टर स्पिंकसारख्या अभ्यासकांनी हे लेणे वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातले, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले, असे दाखविले. आणि पुलकेशी तर सातव्या शतकातला. तेव्हा ती वकिलात गेली. पण परदेशी माणसे भिंतीवर उरलीच! ती कोण, व्यापारी की पाहुणे, आणि डोंगरातल्या चित्रकाराने त्यांचे चेहरे कोठे पाहिले, हे प्रश्न फर्ग्युसनच्या उत्तरापेक्षा अधिक रसाळ आहेत.

भूतकाळाचे पुरे झाले. वर्तमानात या प्रदेशाचा जगाशी जो व्यवहार आहे, तो पोटाचा आहे. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले. प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत, नंतर ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के जकात बसविली, ती २७ ऑगस्टपासून लागू झाली; कापडगिरण्यांना स्वस्त रुई मिळावी म्हणून हा उपाय. गिरण्यांचे दुःख खरे होते. परंतु सिल्लोड-सोयगावच्या शेतात त्या वेळी बोंडे भरत होती, आणि परदेशी रुई बिनशुल्क येण्याच्या महिन्यांतच येथला कापूस बाजारात उतरावयाचा होता. खाद्यतेलाचेही तेच. कच्च्या तेलावरील मूळ आयातशुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के झाले आणि मे २०२५ च्या अखेरीस १० टक्क्यांवर आले. सोयाबीन पिकविणाऱ्याने त्या आठ महिन्यांत कोणत्या भरवशावर पेरणी करावी? वॉशिंग्टनमध्ये सही होते आणि सिल्लोडच्या मोंढ्यात भाव हलतो. या दोहोंमधली साखळी कडीकडीने उलगडून मराठीत सांगणारा अभ्यासक आज आमच्यापाशी किती आहेत? आम्ही वृत्तपत्रवालेही वृत्तसंस्थेच्या चार ओळी छापून मोकळे होतो, हे कबूल करणे प्राप्त आहे.

खुद्द अजिंठा-वेरूळच्या विकासासाठी जपानने कर्ज दिले. पहिला टप्पा १९९२ सालचा, दुसरा २००३ सालचा. रस्ते, विमानतळ, लेण्यांचे जतन अशी कामे त्यातून झाली. येनमध्ये घेतलेले कर्ज रुपयांत फेडताना विनिमयाचा भार कोणावर पडतो, जपानला यात काय हवे होते, कामे झाल्यावर ती सांभाळण्याचा खर्च कोणी उचलावयाचा, हे प्रबंधाचे विषय आहेत, आणि ते तासा-दोन तासांच्या अंतरावर पडलेले आहेत. शेंद्र्यास स्कोडाचा कारखाना आहे, ऑरिकच्या वसाहतीत दक्षिण कोरियाची ह्योसंग आली, बिडकीनला येण्याचा करार टोयोटाने जुलै २०२४ मध्ये केला. त्यांच्याशी बोलणारे दुभाषे आपण पुण्या-मुंबईहून आणणार काय? जपानी, कोरियन, अरबी या भाषांचे वर्ग अध्यासनाबरोबरच सुरू झाले पाहिजेत. “पदवी घेऊन नोकरी कोणती?” या पालकांच्या प्रश्नास, जो अगदी रास्त आहे, यात निदान अर्धे उत्तर आहे.

एका गोष्टीविषयी मात्र आम्ही आताच इशारा देऊन ठेवतो. या अध्यासनाला १९४८ चा अभ्यास करावयाचा तर तो पुरता करावा लागेल. रझाकारांनी केलेले अत्याचार आमच्या घराघरांत सांगितले जातात, आणि ते विसरता कामा नयेत. परंतु पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांच्या कत्तली झाल्या. त्यांची चौकशी भारत सरकारनेच धाडलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात केली, आणि तो अहवाल दशकानुदशके दडवून ठेवण्यात आला. ज्याने आपल्या बाजूची फक्त अर्धी कागदपत्रे वाचली, त्यास प्रतिपक्षाचा वकील पहिल्याच प्रश्नात गाठतो. ही विद्या शिकावयाची तर आपल्याला न आवडणारा कागदही उघडून वाचण्याची तयारी हवी. विद्यापीठास ते धैर्य दाखविता येते. ध्वजवंदनाच्या भाषणास बहुधा ते शक्य नसते.

पैशाचे काय, असे कुलगुरू विचारतील. स्वतंत्र विभागास पैसा लागेल, पदे मंजूर व्हावी लागतील, त्यास वर्षे जातील. आम्हांस शासनदरबारची गती ठाऊक आहे. पण आरंभ स्वस्तात होऊ शकतो. नवे पद लागत नाही, नवी इमारत लागत नाही. नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार, सुरक्षा समितीतील हैदराबादविषयक बैठकांची इतिवृत्ते, सुंदरलाल अहवाल आणि २०१९ चा लंडनचा निकाल, एवढे चार कागद राज्यशास्त्र, इतिहास, इंग्रजी आणि उर्दू या विभागांनी एकत्र बसून, टिपांसह, मराठीत आणावेत. प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात राहील, एकेक प्रत संलग्न महाविद्यालयांस आणि नांदेडच्या विद्यापीठास जाईल. त्या विद्यापीठाची स्थापनाच १७ सप्टेंबरची, १९९४ सालची. अधिसभेच्या येत्या बैठकीत कोणी सदस्याने हा ठराव आणावा. पुढील १७ सप्टेंबरला तो ग्रंथ हाती पडला, तर त्यातील पॅरिसच्या बैठकीचे इतिवृत्त आम्ही याच पृष्ठावर छापू. आणि आमचा तो जुना विद्यार्थी कोठे असेल तेथे त्याने ते वाचावे.