शिकवणाऱ्यांचे शिक्षण मागापर्यंत जावे

कृषी महाविद्यालयात प्राध्यापकाची निवड होताना पदव्या आणि शोधनिबंध मोजले जातात. शिकवण्याची हातोटी त्याने पुढे आपली आपण कमवावी, अशी अपेक्षा असते. त्यासाठी सोयी नाहीत असे नाही. विद्यापीठ शिक्षकांच्या उजळणी वर्गांची केंद्रे १९८७ पासूनची. हैदराबादची ‘नार्म’ तर १९७६ मध्येच स्थापन झाली. परंतु पदोन्नतीसाठी प्रमाणपत्र आवश्यक ठरले, की पुष्कळांची हजेरी तेवढ्यापुरतीच उरते, हे मान्य करावयास हवे.

रेशीमशास्त्राचेच उदाहरण घ्या. चंद्रिकेवर अळ्यांची गर्दी झाली, की दोन अळ्या मिळून एक कोष करतात. त्याचा धागा गुंततो, सलग निघत नाही. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत संपते. कुंभकोणमजवळच्या तिरुभुवनम् या रेशमी साड्यांच्या विणकरगावात मात्र कमअस्सल धाग्याची किंमत मागावर मोजली जाते: धागा तुटत राहतो आणि विणकराचा वेळ गाठी मारण्यात जातो. हे पाहून आलेला प्राध्यापक तीच ओळ निराळ्या अधिकाराने शिकवील. त्याचाच विद्यार्थी उद्या विस्तार कार्यकर्ता म्हणून बीड-जालन्याच्या तुती उत्पादकासमोर उभा राहणार आहे.

म्हणून प्रशिक्षणातील काही दिवस तरी कीटकसंगोपनगृहात, कोषबाजारात आणि मागाजवळ जावेत. स्लाइडची सजावट थोडी मागे राहिली तरी चालेल. परतल्यानंतरचा पहिला तास एखाद्या सहकाऱ्याने मागच्या बाकावर बसून ऐकावा व मोकळेपणाने मत द्यावे. विद्यापीठाला त्यासाठी वेगळी तरतूद करावी लागणार नाही.